खर्जाच्या पायाशी

कार्यक्रमात माझ्या उजव्या पायापुढे एक हिरवी डबी असते. तळहातावर मावेल एवढी, ओतीव धातूची, सैनिकी गणवेशाच्या रंगाची. वर तीन नॉब, एक बारका दिवा आणि पायाने दाबायचा खटका. उजव्या कुशीतून वायर आत जाते, डाव्या कुशीतून बाहेर येते. मी बेस गिटार वाजवतो आणि ही डबी माझं फझ पेडल आहे. आमच्या बँडमध्ये सगळे तिला ‘हिरवा’ म्हणतात. डबी स्त्रीलिंगी, पेडल नपुंसकलिंगी, पण तिला कुणी ‘हिरवी’ किंवा ‘हिरवं’ म्हणत नाही. एकदा आवाज ऐकला की कारण कळतं.

“बेसवाले कार्यक्रमात पेडल वापरतात का हो?” हा प्रश्न मला आजवर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. गिटारवाल्यापुढे दहा-बारा पेडलं मांडलेली दिसली तर कुणाला काही वाटत नाही. कीबोर्डवाल्याने एका गाण्यात पाच आवाज बदलले तरी चालतं. बेसवाल्याने मात्र मागे ड्रमशेजारी उभं राहायचं, घराच्या जोत्यासारखं असूनही न दिसायचं आणि वायर सरळ ॲम्पमध्ये खोचायची, अशी अपेक्षा. प्रश्नाचं उत्तर साधं आहे. वापरतात. साठ वर्षांहून अधिक काळ वापरत आले आहेत. मेख आहे ती कसं वापरायचं यात, आणि ती मला हिरव्याने शिकवली. तीही चांगला चटका देऊन.

घरी हिरवा राजा असतो. दुपारी सगळे बाहेर गेलेले, खोलीत लहान ॲम्प, खिडकी लावलेली. खटका दाबला की दिवा लागतो आणि बेसचा गोल, शांत आवाज एकदम केस पिंजारून उभा राहतो. भरलेला ट्रॅक्टर घाटाला लागावा तसा तो गुरगुरतो. तार छेडून हात काढून घ्यावा, तरी सूर खाली पडत नाही. फळीवरचे डबे थरथरतात, टेबलावरच्या फुलपात्रात पाण्याला वर्तुळं उठतात. एकच सूर, पण त्यात दहा-पंधरा माणसं एकाच वेळी गात असल्यासारखा पसारा. ज्याने आयुष्यभर मागे उभं राहून इतरांना आधार दिला, त्याला असा आवाज मिळाला की काय होतं ते बेसवाल्यालाच ठाऊक. मी महिनाभर दुसरं काही वाजवलं नव्हतं.

मग गॅदरिंग आलं. पुण्यातलं एक कॉलेज, मोकळं मैदान, समोर हजारभर पोरं. शेवटच्या गाण्यात एक जागा होती: सगळी वाद्यं थांबतात, चार ठोके निव्वळ शांतता, आणि मग सगळे मिळून कोसळतात. ती जागा मी हिरव्यासाठी राखून ठेवली होती. चार ठोके मोजले, खटका दाबला, सगळ्यात जाड तारेवर हात टाकला आणि मैदानातून बेस नाहीसा झाला. बोटांना तार लागत होती. पेडलचा दिवा लागलेला होता. दोन्ही गिटारी दणक्यात वाजत होत्या, ड्रम चालू होते, आणि त्यांच्या खालची जमीन कुणीतरी काढून घेतली होती. ड्रमरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लांब मिक्सरपाशी साउंडवाले काका दोन्ही हात वर करून ओरडत होते, “अरे, बेस कुठाय? वायर निघाली का बघ!”

मी खटका पुन्हा दाबला. बेस परत आला. मधल्या आठ ओळी गेल्या त्या गेल्या.

कार्यक्रम संपल्यावर काका वायर गुंडाळत स्टेजपर्यंत आले. त्यांनी हिरव्याकडे बोट दाखवलं.

“वायर नव्हती निघाली. या डबीनं खाल्ला तुझा बेस.”

“काका, घरी तर नुसता दणदणतो.”

“घरी दोन गिटारी असतात का तुझ्याशेजारी?”

त्या एका वाक्यात सगळं होतं. समजायला मला वर्ष लागलं.

हिरव्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर आधी त्याचं कूळ बघावं लागतं, आणि ते ऐकून भल्याभल्या गिटारवाल्यांना आश्चर्य वाटतं. फझ हा गिटारचा आवाज, बेसवाल्यांनी तो नंतर उसना घेतला, असंच सगळे धरून चालतात. खरी गोष्ट उलटी आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस गिटार वाजवत होता. मिक्सरची एक वाहिनी बिघडलेली होती आणि तिच्यातून त्याचा आवाज फाटून, घरघरत बाहेर आला. तो तुकडा पुसून टाकायच्या ऐवजी तसाच ठेवला गेला. 1961 मध्ये गाणं गाजलं आणि लोक विचारू लागले, हा आवाज काढला कसा? ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाची नक्कल करणारं विद्युतमंडल तयार केलं, गिब्सन कंपनीने ते घेतलं आणि 1962 मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आणलं. त्याच काळात गिब्सनने एक बेस गिटारही काढली, ईबी-झिरो-एफ. तिच्या पोटातच फझ बसवलेला होता. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने फझला गिटारच्या घरी नेऊन बसवलं ते 1965 मध्ये. जन्म खर्जातच झाला होता.

त्याच 1965 सालाच्या अखेरीस बीटल्सचा ‘रबर सोल’ आला. त्यात जॉर्ज हॅरिसनचं ‘थिंक फॉर युअरसेल्फ’ नावाचं गाणं आहे. मला हे गाणं फार मोलाचं वाटतं आणि बेस शिकणाऱ्या प्रत्येकाला मी ते हेडफोन लावून ऐकायला सांगतो. पॉल मॅकार्टनीने त्यात फझमधून बेस वाजवला आहे. तो गाण्यात पुढे येऊन गुरकावतो, गायकाला जवळजवळ उत्तरं देतो. पण त्याच्या खाली आणखी एक बेस आहे, साधा, स्वच्छ, नेहमीसारखा चालणारा. दोन्ही पॉलनेच वाजवले, वेगवेगळे. फझला मोकळं सोडायचं असेल तर खाली मूळ सूर उभा ठेवला पाहिजे, हे तेव्हाच उमगलेलं दिसतं. स्टेजवर एका माणसाला दोन बेस वाजवता येत नाहीत, आणि बीटल्सनी ते गाणं कधी स्टेजवर घेतलंही नाही. बेसवाल्याच्या पेडलचा पुढचा सगळा प्रवास मला या एका अडचणीवरचा उपाय वाटतो: दोन बेस, पण माणूस एक.

हिरवा या घराण्यातल्या दुसऱ्या पिढीचा. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांनी 1968 मध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनी काढली आणि 1969 मध्ये ‘बिग मफ’ नावाचं पेडल आणलं. ऐंशीच्या दशकात कंपनी बुडाली. मॅथ्यूज खचले नाहीत. सोव्हिएत संघाशी व्यापार सुरू करून तिथल्या व्हॅक्यूम ट्यूब अमेरिकेत विकू लागले, आणि नव्वदच्या दशकात ‘सोव्हटेक’ या नावाने बिग मफ सेंट पीटर्सबर्गमध्ये पुन्हा जन्माला आला. जाड पत्र्याचं अवजड खोकं, बोजड खटका, रंग सैनिकी हिरवा. न्यूयॉर्कच्या भावंडांपेक्षा त्याचा आवाज खाली जास्त भरलेला होता. गिटारवाल्यांनी घेतलाच, पण बेसवाल्यांनी त्याला आपला मानला. पुढे तो काळा झाला, मग बंद पडला, आणि जुने हिरवे नग लोक जपून ठेवू लागले. 2017 मध्ये कंपनीने तेच मंडल लहान डबीत घालून परत आणलं. माझा हिरवा या लहान चणीचा. भाचा अमेरिकेतून सुट्टीला आला तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून घेऊन आला होता.

आता त्याने माझा बेस खाल्ला तो कसा, ते सांगतो.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपनं करते. गिटारची जाड तार 82, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. या 41 हर्ट्झच्या सुराची लाट लांब, गोल, टेकडीसारखी असते. फझ काय करतो, तर ती टेकडी माथ्यावर कापतो. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांपुढे आणा: वर सपाट पठार, बाजूंना ताठ कडे. आवाजात या कड्यांचे उपस्वर होतात. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा उंचीवर चढत जाणारे. त्यांच्यामुळेच तो आवाज पिंजारलेला, भरलेला वाटतो. पण सगळी ताकद वर उपस्वरांत वाटली गेली की खालच्या मूळ सुराचा वाटा कमी होतो. शिवाय माथा कापल्यामुळे हलक्या आणि जोरदार फटक्यातला फरक बुजतो. तारेवर बोट पडल्याचा तो ‘धप्’ निघून जातो, आणि ड्रमरशी आमचं बोलणं त्या ‘धप्’मधूनच चालतं.

बिग मफचा टोन नॉब याच्या पुढची करामत करतो. त्याची घडणच अशी की खालचं आणि वरचं ठेवून मधल्या पट्टीत दरी पाडायची. एकट्याने ऐकताना ती दरी गोड लागते, आवाज मोठा आणि खोल वाटतो. पण दोन गिटारी, झांजा आणि गायकाच्या गर्दीत कान बेसची चाल ओळखतो ती मधल्या पट्टीवरूनच. तिथेच दरी असेल तर वरचे उपस्वर गिटारींत मिसळून जातात, खालचा सूर आधीच अशक्त झालेला असतो, आणि मधोमध कुणीच नसतं. काकांना हे मिक्सरवरून एका क्षणात ऐकू आलं होतं. घरी मला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. एकटा असताना हिरवा पैलवान असतो, पण चारचौघांत त्याला कुणी सोबत लागतं.

ही सोबत कशी द्यायची हे मला एका ज्येष्ठ बेसवादकाने सांगितलं. ते पूर्वी हॉटेलांत आणि लग्नांत वाजवायचे. त्यांनी हिरवा हातात घेतला, उलटून-पालटून पाहिला आणि म्हणाले, “याला एकटा नको पाठवू. मूळ सूर बाजूनं जाऊ दे, हा वरनं मिसळ.” मग सहज म्हणावं तसं पुढे म्हणाले, “तंबोऱ्याची जवारी बघितलीस ना?”

बघितली होती, पण तशी कधी ऐकली नव्हती. मिरजेच्या कारागिरांनी जवारी लावलेला तंबोरा घ्या आणि खर्जाची तार छेडा. तार घोडीच्या हलक्या उतारावर टेकते, खालून सुताचा बारीक धागा सरकवलेला असतो, आणि तारेचा सूर घोडीवर घासत उपस्वरांनी फुलून येतो. तीही एका अर्थाने तारेच्या मोकळ्या कंपनाला घातलेली आडकाठीच. पण जवारी मूळ षड्ज खात नाही. धागा थोडा पुढे गेला तर आवाज कोरडा होतो, थोडा मागे आला तर नुसता झणझणतो, आणि मधल्या एका जागी खर्ज आणि त्याची प्रभा दोन्ही एकत्र उभे राहतात. ती जागा शोधण्यात कारागिरांचं आयुष्य जातं. उपस्वरांचा आणखी एक उपकार आहे. लहानशा स्पीकरला 41 हर्ट्झचा सूर नीट वाजवता येत नाही, पण त्याचे उपस्वर ऐकू आले की आपला मेंदू गाळलेला मूळ सूर स्वतः भरून घेतो. बिघडलेला मिक्सर ही नॅशव्हिलची जवारी होती, असं मला आता वाटतं. आमच्याकडे ते ज्ञान आधीपासून होतं. आम्हीच त्याच्याकडे बेसच्या बाजूने पाहिलं नव्हतं.

मग इलेक्ट्रॉनिक भागांसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन फेऱ्या झाल्या. एका मित्राचा हात सोल्डरिंगला चांगला आहे. त्याने एक छोटी डबी बनवली, रंगरंगोटी नाही, वर एकच नॉब. बेसचा सिग्नल तिच्यात शिरला की दोन वाटा फुटतात. एक वाट जशीच्या तशी पुढे जाते, दुसरी हिरव्यातून फिरून येते, आणि शेवटी दोन्ही एकत्र होतात. नॉब डावीकडे नेला तर निव्वळ स्वच्छ बेस, उजवीकडे नेला तर नुसता हिरवा. मला आधी धास्ती होती. दोन वाटा जोडताना एकीची लाट दुसरीच्या उलट पडली तर दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात, आणि सगळ्यात आधी खालचा सूरच मरतो. मित्राने बिग मफचा नकाशा पुढे ठेवून समजावलं. आत चार ट्रान्झिस्टर आहेत. प्रत्येक जण लाट उलटी करून पुढे देतो. चारदा उलटली की लाट पुन्हा सुलटी. म्हणजे हिरवा कितीही गुरगुरला तरी मूळ सुराच्या पावलाशी पाऊल मिळवूनच बाहेर येतो. हे कळलं त्या दिवसापासून माझा त्याच्यावर जीव जडला.

आज बेससाठी बनवलेल्या अनेक फझ आणि ओव्हरड्राइव्ह पेडलांवर हा नॉब मुळातच असतो. कुठे त्याला ब्लेंड म्हणतात, कुठे ड्राय. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनेही बेससाठी वेगळा बिग मफ काढला आणि त्यात स्वच्छ सूर मिसळायची सोय केली. मोठ्या बँडांची रीतही हीच. म्यूझचा ख्रिस वोल्स्टनहोम ‘हिस्टीरिया’सारखं गाणं वाजवतो तेव्हा त्याचा सिग्नल वाटला जातो, एका ॲम्पमधून स्वच्छ बेस जातो, दुसरीकडून मफचा खवळलेला. रॉयल ब्लड या ब्रिटिश बँडमध्ये तर माणसंच दोन, एक ड्रमर आणि एक बेसवादक, गिटारवाला नाहीच. माइक कर बेसचा सिग्नल फोडतो, एका भागाला ऑक्टेव्ह पेडलने सप्तक वर चढवून गिटारच्या ॲम्पमध्ये सोडतो आणि दुसरा भाग खाली राखतो. 2014 मध्ये त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मॅकार्टनीच्या दोन बेसांना अखेर एका माणसाचे दोन पाय मिळाले होते.

क्लिफ बर्टनचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मेटालिकाचा पहिला अल्बम 1983 चा. त्यात एक आख्खा तुकडा बेसचा एकल आहे, ‘ॲनेस्थेशिया’. वा-वा आणि डिस्टॉर्शनची पेडलं लावून एक तरुण बेसवरून जे बोलतो ते पहिल्यांदा ऐकणारे हटकून म्हणतात, ही गिटार आहे. पुढच्या वर्षीच्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’च्या सुरुवातीला घंटेनंतर जी सरपटत उतरणारी सुरावट येते, तीही त्याच्या बेसची. तीही लोकांना गिटारच वाटते. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला, वय 24. बेसवाल्याने पेडल लावून स्टेजच्या पुढे यावं की नाही, ही चर्चा माझ्यापुरती त्याने केव्हाच संपवली आहे.

इतरही आहेत. बूट्सी कॉलिन्सने म्यू-ट्रॉन नावाच्या फिल्टर पेडलमधून बेसला अक्षरशः बोलायला लावलं. बोट जितकं जोरात पडेल तितकं त्या पेडलचं तोंड मोठं उघडतं. जॅको पास्टोरियसने वेदर रिपोर्ट या बँडच्या कार्यक्रमांत डिले यंत्रात स्वतःचाच तुकडा फिरता ठेवून त्यावर एकट्याने वाजवलं. 1979 च्या ‘8:30’ या अल्बममध्ये ते ऐकता येतं. त्यांच्यावर सवडीने वेगळं लिहायला हवं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मला मान्य आहे, आणि त्या बाजूला जेम्स जेमरसन उभा आहे. मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांखाली याचा बेस आहे. एक प्रिसिजन बेस, उजव्या हाताचं एकच बोट, पेडल एकही नाही. खोटं कशाला बोलू, त्याच्यापुढे आमची सगळी यंत्रसामग्री फिकी पडते. ‘बेसवाल्याला पेडल कशाला’ म्हणणारे त्याचंच उदाहरण देतात. पण त्याच्या बेसवर गुळगुळीत वेष्टनाच्या तारा होत्या आणि तो त्या बदलत नसे; जुन्या, मळलेल्या तारांचा आवाज त्याला हवा होता. घोडीवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा तारांना टेकलेला असे, सूर लगेच मिटावा म्हणून. त्यालाही तारेचा कोरा आवाज नकोच होता. त्याने तो बोटांजवळ घडवला, आम्ही पायाजवळ घडवतो. दोघांनाही खालचा सूर सांभाळायचा आहे.

हिरव्याची एक खोड मात्र गेली नाही. तो वायरीतला प्रत्येक कचरा मोठा करतो. गणपती-नवरात्रात मांडवात वाजवायचं म्हटलं की मला आधी जनरेटर कुठे आहे ते बघावं लागतं. अर्थिंग नीट नसलं तर वाजवायला सुरुवात करण्याआधीच स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, आणि हिरवा चालू केला की तो घूं दसपट होतो. यातली एक गंमत मला फार आवडते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीवर जो जी सूर मिळतो तो 49 हर्ट्झचा. म्हणजे मांडवातला घूं जी सुराच्या जरा वर बसतो, बेसूर पाहुण्यासारखा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथे तो ए शार्प आणि बी यांच्या मध्ये पडतो. न्यूयॉर्कमध्ये रचलेली ही डबी पुण्यात आली आणि तिच्या घूंने सूर बदलला. जी पट्टीतल्या गाण्याला मी हिरवा लावायचं टाळतो, त्याचं कारण हे एवढंच.

आता त्याच्या शेजारपाजाऱ्यांविषयी. माझ्या पेडलांच्या फळीवर हिरव्याच्या आधी दोन जण असतात. पहिला ट्यूनर. तो आवाज करत नाही. दाबला की उलट सगळं मुकं करतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना ‘टुंग टुंग’ ऐकवल्याशिवाय तारा मिळवता येतात. एकही पेडल न वापरणारे बेसवालेही हा ठेवतात. दुसरा कॉम्प्रेसर. दणक्यात पडलेला सूर थोडा दाबतो, हलका पडलेला वर उचलतो. प्रेक्षकांना कळत नाही, मिक्सरवाल्याला मात्र लगेच कळतं आणि तो समाधानाने मान डोलावतो. सगळ्यात शेवटी डीआय, जो माझा सिग्नल ॲम्पला देतो आणि त्याच वेळी मिक्सरकडेही पाठवतो. कार्यक्रमात लोकांना बहुधा माझा ॲम्प ऐकूच जात नसतो. त्यांच्यापर्यंत पोहोचतं ते डीआयमधून गेलेलं. म्हणून डीआय हिरव्याच्या नंतर, आणि साउंड चेकला मिक्सरवाल्याला दोन्ही आवाज ऐकवायचे, हा माझा नियम. हिरवा लावल्यावर आवाजाची पातळी वाढायला नको आणि घटायलाही नको, ते तिथेच ठरवून नॉबवर पांढऱ्या पेनाने खूण करायची. खोलीत ठरवलेल्या खुणा मैदानात चालत नाहीत, हे मी एकदाच शिकलो.

दोन तासांच्या कार्यक्रमात मी हिरवा फार तर तीनदा दाबतो. एकदा गिटारचा एकल चालू असतो तेव्हा. दोन गिटारींपैकी एक वर निघून गेली की मधे पोकळी पडते, आणि हिरवा ती आपल्या पसाऱ्याने भरतो. एकदा एका संथ गाण्याच्या अखेरीस. आणि एकदा त्या शांततेच्या जागी. ते गाणं आम्ही अजून वाजवतो. चार ठोके मोजायचे, दाबायचं, जाड तारेवर हात टाकायचा. आता खाली स्वच्छ सूर उभा असतो, बोटाचा ‘धप्’ ड्रमच्या पायठोक्याला बिलगून पडतो आणि त्याच्या वर हिरवा केस सोडून उठतो. स्टेजच्या फळ्यांतून तो तळव्यांना लागतो. गेल्या वर्षी तेच काका मिक्सरवर होते. कार्यक्रमानंतर वायर गुंडाळत आले आणि म्हणाले, “आज डबी जेवून आली होती वाटतं. काही खाल्लं नाही तिनं.”

बेस शिकणाऱ्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे. कुणी म्हणालं की बेसवाल्याला पेडल लागत नाही, तर त्याच्याशी वाद घालू नका. पेडल घ्यावंसं वाटलं तर स्वतःची बेस घेऊन दुकानात जा, शक्य असेल तर गिटार वाजवणारा मित्रही बरोबर न्या. त्याला जोरात वाजवू द्या. तुम्ही सगळ्यात जाड तार मोकळी छेडा आणि पेडल दाबा. दाबल्यावर छातीतलं काही कमी झालं, तर ते पेडल कितीही सुंदर गुरगुरत असलं तरी काउंटरवर परत ठेवा आणि त्याच्या शेजारचं, ब्लेंडचा नॉब असलेलं, दाखवायला सांगा.